नत्थूच्या नावावर एकशे सत्त्याऐंशी

पोलीस पाटलाच्या लेखी परीक्षेला नऊ दिवस उरले होते. ज्या एका पुस्तकावर नत्थूची सगळी भिस्त होती, ते कपाटात नव्हतं; वाचनालयातल्या मशीनच्या पडद्यावर शोधलं, तर मशीनच्या म्हणण्याप्रमाणे ते नत्थूकडेच होतं.

"हे पुस्तक आधीच आपल्याकडे आहे," मशीन बाईच्या गोड आवाजात म्हणालं. "कृपया दुसरे पुस्तक निवडा."

नत्थूनं आपल्या पिशवीत वाकून पाहिलं. पिशवीत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या होत्या आणि न खपलेली वांगी होती.

"मनोहरराव, हे काय म्हणून राह्यलं?"

मांडवझरी सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल मनोहरराव खुर्चीतून उठले. मशीन आल्यापासून त्यांना उठायचं काम फारसं उरलं नव्हतं, त्यामुळे ते हौसेनं उठले. चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन त्यांनी पडदा वाचला.

"बरोबर म्हणून राह्यलं. लाल पुस्तक, पोलीस पाटील भरतीचं. मागच्या शुक्रवारी तू नेलं."

"म्या?"

"तूच. नत्थू तानबाजी चाफले. फोटो बी तुयाच हाय."

पडद्यावर खरंच नत्थूचा फोटो होता. फोटोतला नत्थू दचकलेला होता. आता फोटो पाहणारा नत्थूही तसाच दिसत होता.

हा घोटाळा समजायचा तर दीड महिना मागं जायला हवं. कोणत्याशा कंपनीनं समाजकार्य म्हणून जिल्ह्यातल्या एका गावाला माणसाशिवाय पुस्तक देणारं मशीन द्यायचं ठरवलं आणि ते केळझरच्या पलीकडं मांडवझरीत आलं. त्याआधी सव्वीस वर्षं पुस्तकं मनोहरराव देत. गावातला माणूस वाचनालयात येऊन कधी पुस्तक मागत नसे. तो म्हणे, "द्या काहीतरी." मनोहरराव त्याच्या तोंडाकडं बघत, कपाटाकडं बघत आणि काहीतरी देत. सव्वीस वर्षांत कोणाची तक्रार नव्हती.

मशीन बसवायला नागपूरहून किशोर नावाचा इंजिनियर आला. उद्घाटनाला लोकांनी मशीनला हार घातला, कुंकू लावलं आणि नारळ कुठं फोडायचा यावर चर्चा सुरू केली, तेव्हा किशोर दोन्ही हात पसरून मशीनच्या पुढं उभा राहिला. शेवटी नारळ पायरीवर फुटला. मग त्याला मशीन चालवून दाखवण्यासाठी एक सभासद हवा होता. समोरच्या चौकात नत्थू भाजीची हातगाडी लावून उभा होता. त्याला बोलावलं, फोटो काढला आणि पाच मिनिटांत त्याचं कार्ड छापून निघालं.

"बाकीच्यांचे कार्ड आठ दिवसांत येऊन जातील," किशोर म्हणाला. "तोवर पाहून घ्या, एकदम सिंपल आहे. हे कार्ड इथं ठेवायचं, पुस्तक इथं ठेवायचं, हिरवा लाईट लागला की घेऊन जायचं. बस, झालं काम."

किशोर गेला. बाकीच्यांची कार्डं अजून यायची आहेत.

मनोहरराव शिस्तीचे माणूस. किशोर बोलला ते त्यांनी जसंच्या तसं पुठ्ठ्यावर लिहिलं: "१) हे कार्ड ठेवावे. २) पुस्तक ठेवावे. ३) हिरवा दिवा लागताच न्यावे." पुठ्ठा त्यांनी मशीनवर चिकटवला आणि 'हे कार्ड', म्हणजे नत्थूचं कार्ड, सुतळीनं मशीनला बांधलं. वाचनालयात जे बांधलेलं नसे ते चालू लागे, असा त्यांचा अनुभव होता. तिथला पेन सुतळीनं बांधलेला होता, पाण्याचा ग्लास साखळीला होता आणि पेपरसुद्धा काठीत अडकवलेला होता. त्यात कार्डही बांधलं गेलं आणि सगळं रीतसर दिसू लागलं.

पहिल्याच दिवशी कुसुमबाई नावाच्या सत्तरीच्या वाचक मशीनपुढं उभ्या राहिल्या. कार्ड ठेवताच मशीन म्हणालं, "नमस्कार, नत्थू तानबाजी चाफले. आपले स्वागत आहे."

"अवो मनोहरराव, हे मले नत्थू काऊन म्हणून राह्यलं?"

"सगळ्यायलेच म्हणते ते. कंपनीची पद्धत असन."

"असन बाप्पा." कुसुमबाईंनी पुस्तक ठेवलं. हिरवा दिवा लागला. "हाव, नत्थू तं नत्थू."

दोन दिवसांत गावाला सवय झाली. पुस्तकं आता स्वतःच निवडायची होती. कपाटापुढं उभं राहून कोणी न बघता हवं ते पुस्तक उचलायचं, मशीनशी नत्थू म्हणून बोलायचं आणि निघायचं, यात लोकांना भलतीच गंमत वाटू लागली. मनोहररावांच्या तोंडावर जे मागायला सव्वीस वर्षं लाज वाटली होती, ते सगळं कपाटांतून भराभर निघालं. परत कसं करायचं ते पुठ्ठ्यावर नव्हतं, म्हणून परत काही आलं नाही.

आणि ते सगळं पडद्यावर नत्थूच्या नावापुढं लागलेलं होतं. मनोहररावांनी बोटानं यादी वर सरकवली. ती सरकतच राहिली. शेवटी तळाशी आकडा आला.

"एकशे सत्त्याऐंशी," मागून कोणीतरी मोठ्यानं वाचलं.

तो डोमाजी होता. डोमाजी हा ग्रामपंचायतीचा माजी सदस्य. खिशाला पेन, हातात फाईल, आणि पोलीस पाटलाच्या त्याच एका जागेसाठी अर्ज भरलेला. गावातून अर्ज दोनच होते, एक नत्थूचा आणि एक डोमाजीचा.

"एकशे सत्त्याऐंशी पुस्तकं दाबून ठेवले, आणि पोलीस पाटील व्हाले निंगाले?"

"दाबून नाई ठेवले, डोमाजीभाऊ. हे तं लोकायनं नेले."

"कार्ड कोणाचं?"

"मायं."

"फोटो कोणाचा?"

"मायाच."

"मंग लोकं कोठून आले मधात?" डोमाजीनं फाईल उघडली. "हरकतीचा शेवटचा दिवस सोमवार हाय. म्या हरकत घेतो. अशा माणसाले गावाची जिम्मेदारी देता येत नाई."

खिशातल्या पेनातली शाई संपली होती, म्हणून डोमाजीला वाचनालयाचा पेन घ्यावा लागला. सुतळी आखूड होती. तो मेजावर वाकून, मान वाकडी करून, पाऊण तास हरकत लिहीत उभा राहिला. नत्थू त्याच्याकडं पाहत होता. पोलीस पाटील होणं हे त्याचं दहावी पास झाल्यापासूनचं स्वप्न होतं. मागच्या खेपेला जागा निघाली तेव्हा वय बसत नव्हतं. पुढच्या खेपेला वय उलटलं असतं. मधे ही एकच संधी होती.

मनोहररावांनी किशोरला फोन लावला.

"अरे सर, ते डेमो कार्ड होतं न! डेमोसाठी मी लिमिट काढून ठेवलती," किशोर तिकडून म्हणाला. "तुम्ही त्याच्यावर पूर्ण गाव चालवून राहिले काय?"

"तूच सांगतलं, हे कार्ड ठेवायचं म्हणून. म्या पुठ्ठ्यावर लिवलं."

"आता असं आहे सर, नाव काढता येत नाही. पुस्तक मशीनवर येईल तेव्हाच उतरेल. एकेक."

"सगळे एकशे सत्त्याऐंशी?"

"हो न. आणि साठ दिवसांत नाही आलं तर मशीन स्वतःच नोटीस काढते. ते फीचर मस्त आहे सर."

घरी नत्थूनं बायकोला, सुंदराला, सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या फोनवर टुंग टुंग वाजते दिवसभर, ते काय हाय?"

"ते लोनवाले असतात. म्या पायतच नाई."

सुंदरानं फोन घेतला आणि उघडला. लोनवाल्यांचे तीन संदेश होते. बाकीचे एकशे सत्त्याऐंशी वाचनालयाचे होते. प्रत्येकात पुस्तकाचं नाव, तारीख आणि वेळ होती. कोणी नेलं ते मात्र नव्हतं, कारण मशीनच्या हिशेबानं सगळी नत्थूनंच नेली होती.

सुंदरा वाचत गेली आणि ज्वारी तशीच राहिली. डोक्यावर केस पुन्हा आणायचे उपाय. सुनेला मुठीत ठेवायचे मार्ग. सासूला मुठीत ठेवायचे मार्ग. भुतांच्या गोष्टी. साखरेचा आजार. भुतांच्या गोष्टी, भाग दोन. स्टेजवर भाषण कसं करावं. बिनअंड्याचा केक.

"अवो," ती म्हणाली, "हे तं आपल्या गावाचं पोट फाडून दाखवल्यासारखं हाय."

"पण नाव कोठी हाय कोणाचं? दोनशे घरं फिरू काय?"

सुंदरानं फोनवरची यादी पुन्हा वर सरकवली. "केसाचं पुस्तक तेरा तारखेले गेलं. तेरा तारखेपासून कोणाच्या घरी काय फरक पडला?"

"मले काय मालूम?"

"तुमाले नाई मालूम तं कोणाले मालूम? पूर्ण गाव तुमच्या गाडीवर भाजी घेते."

नत्थूनं डोळे मिटले. चौक डोळ्यांपुढं आणला. मग हळूच म्हणाला, "रामाजी. एकटा माणूस हाय. पहिले पाव किलो कांदे न्यायचा. आता रोज किलो नेते."

"कांद्याचा रस डोक्याले चोळून राह्यला तो," सुंदरा म्हणाली आणि चप्पल पायात घातली.

रामाजी दारातच बसला होता. भर दुपारी डोक्यावर लोकरीची टोपी होती.

"भाऊजी, वाचनालयाचं पुस्तक द्या."

"मायापाशी कोणतं पुस्तक?"

"टोपी काढता काय?"

रामाजीनं टोपी काढली नाही. तो आत गेला आणि पुस्तक घेऊन आला. त्याच्यासोबत कांद्याचा वासही बाहेर आला.

"नत्थू, कोणाले सांगजो नोको बाप्पा."

"नाई सांगत."

"फरक पडला काय?" सुंदराला राहवेना.

रामाजीनं डावीकडं उजवीकडं पाहिलं आणि टोपी बोटभर वर केली. दोघं नवराबायको वाकून वाकून शोधू लागले. "हे पाय, कानाच्या मांगं," रामाजी म्हणाला. तिथं खरंच दोन केस होते. ते आधीपासून होते की कांद्याचे होते, हे रामाजीलाही ठरवता येत नव्हतं.

अशी झडती सुरू झाली. सकाळी नत्थू गाडीवर भाजी विकी, दुपारी त्याच गाडीवर पुस्तकं गोळा करी. सुंदरा संदेश वाची आणि नत्थू भाजी आठवे. कारली कोणाकडं वाढली, तिथं साखरेचं पुस्तक होतं. बटाटे ज्यानं अचानक सोडले, तो पोट कमी करण्याचं वाचत होता. आरोग्य केंद्राची आशाताई सपना रोज सकाळी गाडीपुढून जाताना ओठ हलवत जाई, तिच्याकडं भाषणाचं पुस्तक निघालं. तालुक्याला कार्यक्रमात तिला दोन मिनिटं बोलायचं होतं आणि ती महिन्यापासून वांग्यांपुढं सराव करत होती.

सगळ्यात अवघड घर कुसुमबाईंचं होतं. तिथं एकाच छपराखाली दोन पुस्तकं होती. नत्थूनं सुंदराला बाहेर थांबवलं आणि स्वतः आत गेला.

"कुसुमबाई, सुनेवालं पुस्तक."

"हळू बोल न बावा!" कुसुमबाई कुजबुजल्या. "पोट्टी आतमंधी हाय." त्यांनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. हात रिकामा आला. "अं? इथंच तं होतं."

तेवढ्यात त्यांची सून मंजुषा आतून आली. तिच्या हातात दोन्ही पुस्तकं होती. "तांदूळ काढाले गेली तं हे सापडलं," ती सासूकडं न बघता म्हणाली. "म्या वाचलं पूर्ण."

"आन हे दुसरं?" नत्थूनं विचारलं.

"हे मायं हाय. पिठाच्या डब्यात होतं."

"ते म्या वाचलं," कुसुमबाई म्हणाल्या.

नत्थू छताकडं बघत होता.

"त्यात लिवलं हाय का सासू काही म्हणली तं हाव म्हणावं आन आपल्या मनानं करावं," कुसुमबाई म्हणाल्या. "तरीच म्हणतो, महिन्याभरापासून तू हाव काऊन म्हणून राह्यली!"

"आन तुमच्यात लिवलं हाय, सुनेची चारचौघात तारीफ करावी म्हणजे ती दबून राह्यते. तरीच म्हणली, आत्याबाई मायी तारीफ काऊन करून राह्यल्या!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग मंजुषाला हसू फुटलं, मग कुसुमबाईंना. नत्थूनं दोन्ही पुस्तकं उचलली तेव्हा कुसुमबाईंनी त्याचा हात धरला. "अजून आठ दिवस राहू दे न रे. बरं चाललं होतं आमचं."

बाकी घरी वेगळीच अडचण होती. मांडवझरीत पुस्तक एका घरात थांबत नाही. दह्याच्या विरजणासारखं ते कुंपणावरून पलीकडं जातं. भुतांच्या गोष्टींचा पहिला भाग सहा घरं फिरून सीताबाईंकडं सापडला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या नातवाकडून रोज एक भूत वाचून घेत आणि मग अंगणात जायला घाबरत. पुस्तक नेताना त्यांनी विचारलं, "शेवटच्या भुताचं काय झालं तेवढं सांगून जाय." नत्थूला सांगता येईना, म्हणून त्यानं तिथंच ओट्यावर बसून सोळा पानं वाचून दाखवली.

वाचायची ही सवय त्याला तिथूनच लागली. भाजी संपली की गाडीवरचं पुस्तक उघडायचं. परीक्षेचं पुस्तक नव्हतं, म्हणून हाती येईल ते. साखरेच्या आजारानंतर शेतजमिनीचे कायदे, त्यानंतर सापांची माहिती, आणि त्यावर बिनअंड्याचा केक. प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकू येई, "कोणाले सांगजो नोको." सहा दिवसांत अर्ध्या गावाचं गुपित नत्थूच्या पोटात जमा झालं आणि तो दुपारचं जेवण कमी करू लागला.

सोमवारी सकाळी नत्थूनं हातगाडी वाचनालयाच्या पायरीला लावली आणि एकेक पुस्तक मशीनवर ठेवायला घेतलं.

"धन्यवाद, नत्थू तानबाजी चाफले," मशीन म्हणालं.

दुसरं पुस्तक. "धन्यवाद, नत्थू तानबाजी चाफले."

पंचवीस पुस्तकं होईतो चौकातले लोक दारात जमले. पन्नासला पोरं मशीनच्या सुरात सूर मिसळू लागली. शंभराव्याला कुसुमबाई खुर्ची टाकून बसल्या. दीडशेनंतर अख्खं दार एका आवाजात "धन्यवाद, नत्थू तानबाजी चाफले" म्हणत होतं, आणि एसटीची वाट बघणाऱ्या एका परगावच्या माणसानं विचारलं, "कोण उभा हाय इलेक्शनले?"

एकशे शहाऐंशी धन्यवाद झाले. गाडी रिकामी झाली. पडद्यावर एकच ओळ उरली होती, पोलीस पाटील भरतीचं लाल पुस्तक.

"हे कोणाकडं असन?" मनोहरराव म्हणाले. "सांग, कोणाच्या भाजीत फरक पडला?"

नत्थूनं डोळे मिटले. पुस्तक गेलं शुक्रवारी, दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी. तेव्हा मनोहरराव खुर्चीत डुलकी काढतात. शुक्रवारपासून कांदे, कारली, बटाटे, सगळं आठवून झालं. कोणाचं काही वाढलं नव्हतं.

"वाढलं नसन तं कमी झालं असन," सुंदरा मागून म्हणाली. "शुक्रवारपासून तुमच्या गाडीवर कोण आलंच नाई?"

नत्थूनं डोळे उघडले. डोमाजीच्या घरी रोज अर्धा किलो वांगी लागत. मागच्या शुक्रवारपासून डोमाजीचा पोरगा वांगी आणायला सायकलनं पार केळझरला जात होता.

दोघं डोमाजीच्या घरी गेले. डोमाजी खाटेवर बसला होता आणि त्याची उशी नेहमीपेक्षा जाड दिसत होती.

"लाल पुस्तक द्या, डोमाजीभाऊ."

"मायापाशी नाई."

"उशीखाली काय हाय मंग?"

"उशी हाय. पंचनामा करता काय? पोलीस पाटील झाले काय अजून?" डोमाजी उशीवर हात ठेवून म्हणाला. "मशीन काय म्हणते? पुस्तक कोणाजवळ हाय?"

मशीनच्या मते पुस्तक नत्थूजवळच होतं. डोमाजी त्याच दुपारी तालुक्याला जाऊन हरकत देऊन आला. कागदावरचा आकडा बदलायच्या भानगडीत तो पडला नाही. तो एकशे सत्त्याऐंशीच राहिला.

लेखी परीक्षा झाली. डोमाजीनं लाल पुस्तक पाठ केलं होतं. त्याला नत्थूपेक्षा चार गुण जास्त पडले. नत्थूला सापांवर आलेला एक आणि शेतजमिनीवर आलेले तीन प्रश्न सोपे गेले, म्हणून तो चारवरच मागं राहिला. सगळं तोंडी परीक्षेवर आलं.

उपविभागीय अधिकाऱ्यांच्या खोलीत आधी डोमाजी गेला. त्यानं पोलीस पाटलाची कर्तव्यं पान क्रमांकासह सांगितली. मग नत्थूला बोलावलं. साहेबांपुढं हरकतीचा कागद होता. त्यातली अक्षरं एका बाजूला कललेली होती.

"दीड महिन्यात एकशे सत्त्याऐंशी पुस्तकं नेली तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब. एक बी नाई नेलं."

"मग?"

नत्थूनं सगळं सांगितलं. कार्ड, सुतळी, पुठ्ठा, मशीन. साहेब ऐकत गेले. सुतळीच्या ठिकाणी त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पेनही बांधलेला आहे हे कळल्यावर त्यांनी हरकतीच्या कागदाकडं पुन्हा एकदा मान वाकडी करून पाहिलं.

"बरं. गावात घरं किती?"

"दोनशे बारा, साहेब. कुलूप असलेले नऊ. त्यातल्या दोन घरी दिवाळीले लोक येतात. चूल एकशे शहाण्णव घरी पेटते, काही घरायची एकत्र हाय."

"हे कोणत्या नोंदीतून?"

"भाजीतून. अकरा घरी म्हातारे एकटे हायेत, ते पाव किलोच्या वर नेत नाई. पाव किलोवाला दोन दिवस नाई आला तं म्या सांजच्याले जाऊन पायतो."

साहेबांनी पेन खाली ठेवला. त्यांना आता परीक्षेपेक्षा निराळंच काहीतरी जाणून घ्यायचं होतं. ते पुढं झुकले. "आणि ही पुस्तकं... कोणी काय काय नेलं होतं हो? सांगा ना. इथं कोणी नाही."

"ते नाई सांगता येत, साहेब."

"मी विचारतोय."

"हाव. पण लोकायले म्या शब्द देल्ला हाय. परीक्षेचे गुण कापा वाटलं तं."

साहेब मागं टेकले. जरा हिरमुसले. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

नत्थूला तोंडीत वीसपैकी अठरा मिळाले, डोमाजीला तेरा. एका गुणानं नत्थू चाफले मांडवझरीचा पोलीस पाटील झाला. सुंदरानं पेढ्यांऐवजी बिनअंड्याचा केक केला. तो फुगला नाही, पण संपला.

लाल पुस्तक मात्र आलं नाही. आता डोमाजीला त्याचा काही उपयोग नव्हता आणि खरं तर त्यालाही ते घरातून जायला हवं होतं. त्याच्या बायकोनं एकदा विचारलंही, "देऊन काऊन टाकत नाई?" पण पुस्तक मशीनवर ठेवलं की मशीन भरल्या वाचनालयात काय म्हणणार, हे डोमाजीला माहीत होतं. ज्या माणसानं आपल्याला एका गुणानं हरवलं, त्याचे आभार आपल्या हातानं मानून घ्यायचे? दोनदा तो पायरीपर्यंत गेला आणि वांगी घेऊन परत आला. वांगी आता तो नत्थूकडूनच घेत होता, कारण केळझरपर्यंतची सायकल पोराला झेपेना.

साठ दिवस झाले आणि मशीननं ठरल्याप्रमाणे नोटीस काढली. मनोहरराव दोन कागद घेऊन नत्थूच्या घरी आले.

"ही एक प्रत सभासदाले. नत्थू तानबाजी चाफले." त्यांनी पहिला कागद दिला. "आन ही दुसरी प्रत पोलीस पाटलाले, चौकशी करून अहवाल पाठवण्यासाठी." त्यांनी दुसराही नत्थूलाच दिला.

"मनोहरराव, पुस्तक कोठी हाय ते तुमाले बी मालूम हाय."

"मले सगळं मालूम हाय. पण मशीनले मालूम नाई. आन कागद मशीनचा हाय. अहवाल द्या लागन."

नत्थू नवा शिक्का आणि नवी वही घेऊन बसला. सुंदरानं चहा ठेवला आणि शेजारी येऊन पाहू लागली. बराच वेळ विचार करून त्यानं लिहायला घेतलं. संशयित इसमाच्या घरी समक्ष जाऊन चौकशी केली. इसम घरीच मिळून आला. त्याने पुस्तक नेल्याचे नाकबूल केले. त्याच्या घराची झडती घेतली असता वांगी आणि ज्वारीशिवाय काही आढळले नाही.

"वागणूक कशी हाय ते बी लिवा," सुंदरा म्हणाली.

"कशी लिवू?"

"बरी हाय म्हणा. दुपारी जास्त झोपते तेवढं राहू द्या."

वागणूक बरी, असं त्यानं लिहिलं. खाली दोन रकाने होते, संशयिताची सही आणि पोलीस पाटलाची सही. नत्थूनं आधी डावीकडं सही केली, मग ताठ बसून उजवीकडं केली आणि शिक्का मारला. मनोहररावांनी चष्मा नाकावर घेऊन दोन्ही सह्या ताडून पाहिल्या.

"शेवटची ओळ राह्यली. काय कारवाई केली?"

नत्थूनं चहाचा कप उचलला, समोरच्या आरशात पाहिलं, जरा कडक चेहरा केला आणि मग लिहिलं: सदर इसमास समज देऊन सोडण्यात आले.